मेद ऊतीतील संप्रेरके आणि स्थूलताजन्य मधुमेहातील इन्सुलिन उपचार

मेद ऊती म्हणजे शरीरातील चरबी साठवणाऱ्या पेशींचा समूह होय. ही ऊती ऊर्जेचा साठा करते, त्याचबरोबर रक्तात अनेक संप्रेरके सोडते. या संप्रेरकांना एकत्रितपणे मेदसंप्रेरके किंवा अ‍ॅडिपोकाइन असे म्हणतात. लेप्टिन, अ‍ॅडिपोनेक्टिन व रेझिस्टिन ही त्यांची प्रमुख उदाहरणे आहेत. भूक, यकृतातील ग्लुकोजनिर्मिती, स्नायूंकडून होणारा ग्लुकोजचा वापर आणि शरीरातील दाह या सर्वांवर त्यांचा प्रभाव पडतो. स्थूलतेत मेद ऊतीचे हे कार्य बिघडते. त्यामुळे इन्सुलिनचा परिणाम क्षीण होतो आणि दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाला पोषक परिस्थिती निर्माण होते. अशा मधुमेहात इन्सुलिन हे प्रभावी औषध असले, तरी ते मेद साठवण्यास उत्तेजन देणारे संप्रेरकही आहे. म्हणून मेद ऊती आणि इन्सुलिन यांचा परस्परसंबंध उपचारांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

मेद ऊतीची रचना व कार्य

मानवी शरीरातील बहुतांश मेद ऊती पांढऱ्या प्रकारची असते. तिच्या प्रत्येक पेशीत ट्रायग्लिसराइडचा एक मोठा थेंब असतो आणि पेशीचे केंद्रक कडेला ढकललेले असते. तपकिरी मेद ऊती उष्णता निर्माण करते. नवजात बालकांत ती अधिक आणि प्रौढांत अल्प प्रमाणात आढळते. एक ग्रॅम मेदापासून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर एक ग्रॅम कर्बोदकांपासून सुमारे ४ किलोकॅलरी. त्यामुळे ऊर्जेच्या दीर्घकालीन साठ्यासाठी मेद हे सोयीचे माध्यम आहे.

स्थानानुसार मेदाचे दोन मुख्य भाग पडतात. त्वचेखालील मेद मांड्या, नितंब, दंड व पोटाच्या त्वचेखाली असतो. अंतर्गत मेद उदरपोकळीत, आतड्यांच्या व वपाजालाच्या भोवती साठतो. अंतर्गत मेदाच्या बऱ्याच भागातील रक्त प्रवेशिनी शिरेमार्गे थेट यकृतात जाते. त्यामुळे तेथून बाहेर पडणारी मेदाम्ले व संप्रेरके सर्वप्रथम यकृतावर परिणाम करतात. पोटाचा घेर आणि मधुमेहाचा धोका यांच्या संबंधाचे हे एक स्पष्टीकरण मानले जाते.

ऊर्जेचा साठा वाढू लागला की मेद ऊती दोन प्रकारे विस्तारते. एकतर अस्तित्वात असलेल्या पेशी फुगतात, किंवा पूर्वगामी पेशींपासून नव्या मेदपेशी तयार होतात. नव्या लहान पेशी मेद सुरक्षितपणे साठवू शकतात. फुगलेल्या पेशींना मात्र ऑक्सिजनचा पुरवठा अपुरा पडतो. त्यांच्यापैकी काही मृत होतात आणि त्यांच्याभोवती महाभक्षी पेशी जमा होतात. त्यामुळे दोन व्यक्तींच्या शरीरातील मेदाचे वजन सारखे असूनही त्यांच्या चयापचयाची स्थिती भिन्न असू शकते.

शोधाचा इतिहास

मधुमेहाचे सर्व रुग्ण इन्सुलिनला सारखा प्रतिसाद देत नाहीत, हे लंडन येथील हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्ये दाखवून दिले. त्यांनी रुग्णांचे इन्सुलिन-संवेदनशील व इन्सुलिन-असंवेदनशील असे दोन गट केले. रक्तातील इन्सुलिन प्रत्यक्ष मोजण्याचे तंत्र मात्र त्या वेळी उपलब्ध नव्हते. न्यूयॉर्कमधील रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सर्गी प्रतिरक्षामापन ही पद्धत विकसित केली. प्रौढ वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन पुरेसे, किंबहुना अधिक असते, हे या पद्धतीमुळे उघड झाले. या तंत्रासाठी यॅलो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन यांचे त्यापूर्वीच निधन झाले होते.

मेद ऊती संदेश पाठवते या कल्पनेचा उगम उंदरांवरील अभ्यासात आहे. अमेरिकेतील मेन राज्यातील जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ मध्ये अतिशय स्थूल उंदीर आढळले. त्यांची स्थूलता एका जनुकातील दोषामुळे होती व ती आनुवंशिक होती. पुढे त्याच प्रयोगशाळेत स्थूल व तीव्र मधुमेह असलेल्या उंदरांचा दुसरा वंश मिळाला. डग्लस कोलमन यांनी शस्त्रक्रियेने दोन उंदरांचे रक्ताभिसरण एकमेकांस जोडण्याचे प्रयोग केले. मधुमेही उंदराला जोडलेल्या सामान्य उंदराने खाणे सोडले व तो उपासमारीने मेला. मधुमेही उंदराला जोडलेल्या स्थूल उंदराचीही हीच गत झाली. स्थूल उंदीर सामान्य उंदराला जोडला असता मात्र तो कमी खाऊ लागला. यावरून कोलमन यांनी असा निष्कर्ष काढला की, भूक आवरणारा एक घटक रक्तातून वाहतो. स्थूल वंशात तो घटक तयारच होत नाही, तर मधुमेही वंशात तो तयार होतो पण त्याला प्रतिसाद मिळत नाही.

हा घटक कोणता, याचे उत्तर १९९४ मध्ये मिळाले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी संबंधित जनुक शोधून काढले. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला ‘बारीक’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून लेप्टिन हे नाव देण्यात आले. पुढच्याच वर्षी लेप्टिनचा ग्राही सापडला आणि मधुमेही वंशात तोच सदोष असल्याचे सिद्ध झाले. कोलमन व फ्रीडमन यांना २०१० मध्ये लास्कर पुरस्कार देण्यात आला.

दरम्यान, १९९३ मध्ये गोखान होतामिश्लिगिल, ब्रूस स्पीगलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थूल उंदरांच्या मेद ऊतीत ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर-अल्फा हे दाहकारक प्रथिन अधिक प्रमाणात तयार होत असल्याचे दाखवले. ते निष्प्रभ केल्यावर त्या प्राण्यांतील इन्सुलिनचा परिणाम सुधारला. अ‍ॅडिपोनेक्टिनचा शोध १९९५ व १९९६ मध्ये एकाहून अधिक संशोधक गटांनी स्वतंत्रपणे लावला. रेझिस्टिनचे वर्णन २००१ मध्ये झाले.

प्रमुख मेदसंप्रेरके

लेप्टिन

परिपक्व लेप्टिन हे १४६ अमिनो आम्लांचे प्रथिन आहे. रक्तातील त्याचे प्रमाण साधारणपणे शरीरातील मेदाच्या प्रमाणात असते. ते मेंदूतील अधोथॅलॅमसवर क्रिया करून भूक कमी करते. उपासात किंवा वजन घटताना लेप्टिन झपाट्याने उतरते, त्यामुळे भूक वाढते आणि ऊर्जेचा खर्च मंदावतो. आहार नियंत्रित करून कमी केलेले वजन टिकवणे कठीण का जाते, याचे हे एक कारण आहे.

जन्मतः लेप्टिनचा अभाव असलेल्या मुलांमध्ये अतितीव्र भूक व लहान वयातच मोठी स्थूलता दिसते. अशी पहिली उदाहरणे १९९७ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी नोंदवली. लेप्टिनची इंजेक्शने दिल्यावर या मुलांची भूक व वजन लक्षणीय कमी झाले. हा विकार मात्र अत्यंत दुर्मीळ आहे. सर्वसाधारण स्थूल व्यक्तींच्या रक्तात लेप्टिन कमी नसून जास्त असते, आणि तरीही भूक आवरली जात नाही. या स्थितीला लेप्टिनरोध म्हणतात. त्यामुळेच लेप्टिन हे स्थूलतेवरील सार्वत्रिक औषध ठरेल ही सुरुवातीची अपेक्षा पूर्ण झाली नाही.

अ‍ॅडिपोनेक्टिन

हे २४४ अमिनो आम्लांचे प्रथिन मुख्यत्वे मेदपेशींतच तयार होते. त्याचे रेणू तीन, सहा किंवा त्याहून अधिक संख्येने एकत्र येतात. त्यांपैकी मोठे रेणुसमूह अधिक क्रियाशील मानले जातात. लेप्टिन रक्तात नॅनोग्रॅममध्ये मोजले जाते, तर अ‍ॅडिपोनेक्टिन प्रति मिलिलिटर काही मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे हजारपट अधिक असते. त्याचे दोन ग्राही जपानमधील ताकाशी कादोवाकी यांच्या गटाने २००३ मध्ये ओळखले. यकृतात ते ग्लुकोजची निर्मिती कमी करते आणि स्नायूंत मेदाम्लांचे ज्वलन वाढवते. रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही त्याचा दाहशामक परिणाम होतो.

मेद ऊती वाढली की तिची बहुतेक उत्पादने वाढतात, परंतु अ‍ॅडिपोनेक्टिन मात्र घटते. अंतर्गत मेद अधिक असलेल्यांत ही घट ठळक असते. ज्यांच्या रक्तात अ‍ॅडिपोनेक्टिन अधिक असते त्यांना पुढे दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होण्याची शक्यता कमी असते, असे विविध देशांतील दीर्घकालीन पाहण्यांत आढळले आहे. तथापि, हा संबंध पूर्णतः कारण-परिणामाचा आहे की अ‍ॅडिपोनेक्टिन हे निरोगी मेद ऊतीचे केवळ निदर्शक आहे, याविषयी मतभेद आहेत.

रेझिस्टिन

इन्सुलिनला होणाऱ्या रोधावरून या प्रथिनाचे नाव पडले. उंदरांत ते मेदपेशींत तयार होते व इन्सुलिनचा परिणाम कमी करते. मानवात मात्र ते प्रामुख्याने महाभक्षी पेशी व तत्सम श्वेतपेशींत तयार होते. त्यामुळे मानवी मधुमेहातील त्याचे स्थान उंदरांइतके स्पष्ट नाही. प्राण्यांवरील निष्कर्ष मानवाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, याचे हे परिचित उदाहरण आहे.

दाहकारक प्रथिने

स्थूल व्यक्तींच्या मेद ऊतीत महाभक्षी पेशींची संख्या वाढते, हे २००३ मध्ये दोन संशोधक गटांनी दाखवले. या पेशी व मेदपेशी मिळून ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर-अल्फा, इंटरल्यूकिन-६ इत्यादी प्रथिने सोडतात. परिणामी शरीरात सौम्य पण चिरकालीन दाह राहतो. रक्त साकळण्यास मदत करणारे प्लाझ्मिनोजेन अ‍ॅक्टिव्हेटर इनहिबिटर-१ हे प्रथिनही मेद ऊती सोडते. स्थूलतेत रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, त्यात या प्रथिनाचाही वाटा असल्याचे मानले जाते.

इन्सुलिनरोध कसा निर्माण होतो

इन्सुलिन पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला जोडले गेले की पेशीच्या आत रासायनिक संदेशांची साखळी सुरू होते. तिच्या शेवटी स्नायू व मेद पेशींतील जीएलयूटी-४ हे वाहक प्रथिन पेशीपटलावर येते आणि ग्लुकोज आत घेतले जाते. यकृतात हीच साखळी ग्लुकोजची निर्मिती थांबवते. मेद ऊतीत ती साठवलेल्या मेदाचे विघटन रोखते.

स्थूलतेत ही साखळी अनेक ठिकाणी खंडित होते. दाहकारक प्रथिनांमुळे इन्सुलिन ग्राहीनंतरच्या प्रथिनांवर अशा जागी फॉस्फेट गट बसतात की संदेश पुढे जाण्यास अडथळा येतो. मेदपेशींची साठवणक्षमता संपली की मेदाम्ले रक्तात सांडू लागतात आणि यकृत, स्नायू व स्वादुपिंड यांत साचतात. जेथे मेद साठणे अपेक्षित नाही तेथे तो साठल्याने इन्सुलिनचा संदेश आणखी दुबळा होतो. अ‍ॅडिपोनेक्टिन घटल्यामुळे मेदाम्लांच्या ज्वलनाला मिळणारी चालनाही कमी होते. यकृतातील ग्लुकोजनिर्मिती इन्सुलिन असूनही चालू राहते, आणि त्यामुळे सकाळी उपाशीपोटीही रक्तशर्करा वाढलेली आढळते.

मेदाचे केवळ आधिक्य घातक असते असे नाही, हे लिपोडिस्ट्रॉफी या दुर्मीळ विकारसमूहावरून कळते. यात त्वचेखालील मेद जन्मतः किंवा नंतर नाहीसा होतो. अशी व्यक्ती दिसायला सडपातळ व स्नायुयुक्त असते, परंतु तिच्यात तीव्र इन्सुलिनरोध, यकृतातील मेदवृद्धी, रक्तातील ट्रायग्लिसराइडची प्रचंड वाढ आणि मधुमेह आढळतो. मेद साठवण्याची सुरक्षित जागा नसणे आणि लेप्टिन व अ‍ॅडिपोनेक्टिन यांचा अभाव ही त्याची कारणे होत. अशा काही रुग्णांना इन्सुलिनच्या अतिशय मोठ्या मात्रा देऊनही शर्करा आटोक्यात येत नाही, पण लेप्टिन दिल्यावर ती सुधारते. मेट्रेलेप्टिन या कृत्रिम लेप्टिनला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये सार्वदेहिक लिपोडिस्ट्रॉफीसाठी मान्यता दिली. मेदाचा अतिरेक आणि मेदाचा अभाव ही दोन टोके एकाच विकाराकडे नेतात, आणि मेद ऊती निरोगी असणे किती आवश्यक आहे हे त्यातून स्पष्ट होते.

इन्सुलिनरोधापासून मधुमेहापर्यंत

इन्सुलिनरोध असलेल्या प्रत्येकाला मधुमेह होत नाही. स्वादुपिंडातील बीटा पेशी अधिक इन्सुलिन निर्माण करून रोधावर मात करतात आणि रक्तशर्करा बराच काळ सामान्य राहते. बीटा पेशींची ही क्षमता आनुवंशिकतेने मर्यादित असल्यास, किंवा मेदाम्ले व वाढलेली शर्करा यांच्या सततच्या भाराने त्या क्षीण झाल्यास, इन्सुलिनचा पुरवठा गरजेपेक्षा कमी पडतो आणि मधुमेह प्रकट होतो. ब्रिटनमधील युनायटेड किंग्डम प्रॉस्पेक्टिव्ह डायबेटिस स्टडी या दीर्घ अभ्यासाच्या विश्लेषणानुसार निदानाच्या वेळीच बीटा पेशींचे कार्य सुमारे निम्म्यावर आलेले असते व पुढे ते घटत जाते. त्यामुळे मुळात शरीरात इन्सुलिन मुबलक असलेल्या रुग्णालाही काही वर्षांनी बाहेरून इन्सुलिन देण्याची वेळ येऊ शकते.

इन्सुलिन उपचार

इन्सुलिनचा शोध १९२१ मध्ये टोरांटो येथे लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथमच एका रुग्णाला देण्यात आले. अनेक दशके गायी व डुकरांच्या स्वादुपिंडापासून इन्सुलिन मिळवले जात असे. १९८२ मध्ये जनुकीय तंत्राने बनवलेल्या मानवी इन्सुलिनला मान्यता मिळाली. त्यानंतर शीघ्र क्रिया करणारी व दीर्घकाळ टिकणारी रूपांतरित इन्सुलिने उपलब्ध झाली.

स्थूलताजन्य मधुमेहात इन्सुलिन सहसा पहिले औषध नसते. आहार, व्यायाम व मेटफॉर्मिन यांनी उपचारांना प्रारंभ होतो. पुढील परिस्थितींत मात्र इन्सुलिन लवकर किंवा तातडीने सुरू केले जाते :

• रक्तशर्करा ३०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक असणे, किंवा एचबीए१सी १० टक्क्यांहून अधिक असणे
• अकारण वजन घटणे, अतितहान, वारंवार लघवी अशी लक्षणे असणे
• रक्तात कीटोन आम्ले वाढणे
• गंभीर संसर्ग, मोठी शस्त्रक्रिया किंवा आहार व इतर उपायांनी शर्करा नियंत्रणात न येणारी गर्भावस्था
• इतर औषधांचा पुरेसा उपयोग न होणे

सुरुवात बहुधा दीर्घकाळ टिकणाऱ्या इन्सुलिनच्या दिवसातून एका इंजेक्शनाने होते. प्रचलित मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रारंभीची मात्रा दररोज १० एकक, किंवा शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅम वजनामागे ०.१ ते ०.२ एकक इतकी असते. उपाशीपोटीची शर्करा पाहून ती हळूहळू वाढवली जाते. दीर्घ क्रियेच्या इन्सुलिनची मात्रा प्रति किलोग्रॅम ०.५ एककांच्या पुढे जाऊनही शर्करा आटोक्यात येत नसेल, तर तेच इन्सुलिन वाढवत राहण्याऐवजी जेवणापूर्वीचे इन्सुलिन किंवा अन्य प्रकारचे औषध जोडण्याचा विचार केला जातो.

इन्सुलिनरोधामुळे स्थूल रुग्णांना लागणारी एकूण मात्रा पुष्कळ मोठी असू शकते. दिवसाला २०० एककांहून अधिक गरज लागणे हे तीव्र इन्सुलिनरोधाचे लक्षण समजतात. अशा रुग्णांसाठी काही देशांत प्रति मिलिलिटर ५०० एकक तीव्रतेचे इन्सुलिन वापरले जाते, जेणेकरून इंजेक्शनाचे आकारमान कमी राहते.

भारतात कुपीतील इन्सुलिन बहुधा प्रति मिलिलिटर ४० एकक तीव्रतेचे, तर पेनमधील इन्सुलिन १०० एकक तीव्रतेचे असते. दोन्ही तीव्रतांसाठी सिरिंज वेगवेगळ्या असतात. ४० एककांच्या सिरिंजची टोपी लाल, तर १०० एककांच्या सिरिंजची नारिंगी असते. १०० एकक तीव्रतेचे इन्सुलिन ४० एककांच्या सिरिंजने घेतल्यास अडीचपट मात्रा शरीरात जाते आणि रक्तशर्करा धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. रक्तशर्करा ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी होणे म्हणजे अल्पशर्करा. घाम, थरथर, धडधड व गोंधळलेपणा ही तिची लक्षणे असून शुद्धीवर असलेल्या रुग्णाला सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर देणे हा तात्काळ उपाय आहे.

इन्सुलिनचा मेद ऊतीवरील परिणाम

इन्सुलिन मेदाचे विघटन रोखते आणि मेदाच्या निर्मितीला चालना देते. विघटन रोखण्यासाठी लागणारे इन्सुलिनचे प्रमाण स्नायूंत ग्लुकोज शिरण्यासाठी लागणाऱ्या प्रमाणापेक्षा बरेच कमी असते. त्यामुळे स्नायूंना पुरेसे ठरेल इतके इन्सुलिन दिले जात असताना मेदसाठ्यातून मेद बाहेर पडणे जवळजवळ बंद होते.

इन्सुलिन उपचारात वजन वाढण्याची कारणे अनेक आहेत. उपचारांपूर्वी लघवीवाटे वाया जाणारे ग्लुकोज शरीरातच राहू लागते. अल्पशर्करेच्या भीतीने रुग्ण अधिक खातो. शिवाय त्वचेखाली दिलेले इन्सुलिन प्रथम सर्वसाधारण रक्ताभिसरणात जाते. नैसर्गिक इन्सुलिन मात्र स्वादुपिंडातून सरळ यकृतात पोहोचते व त्यातील सुमारे निम्मे तेथेच वापरले जाते. म्हणून यकृतावर समान परिणाम साधण्यासाठी स्नायू व मेद यांना नैसर्गिक स्थितीपेक्षा अधिक इन्सुलिनला सामोरे जावे लागते. वर उल्लेखिलेल्या ब्रिटिश अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात इन्सुलिन घेणाऱ्या गटाचे वजन पारंपरिक उपचारांच्या गटापेक्षा सुमारे ४ किलोग्रॅमने अधिक वाढले. त्याच अभ्यासात कठोर शर्करानियंत्रणामुळे डोळे व मूत्रपिंडे यांसारख्या अवयवांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती २५ टक्क्यांनी कमी झाल्या. वजनवाढ व संरक्षण हे दोन्ही परिणाम एकाच उपचाराचे होते.

मेदसंप्रेरकांवरही इन्सुलिनचा परिणाम होतो. इन्सुलिन मेदपेशींतून लेप्टिनचा स्राव वाढवते. अ‍ॅडिपोनेक्टिनच्या बाबतीत चित्र गुंतागुंतीचे आहे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात, तसेच इन्सुलिन ग्राहीच सदोष असलेल्या दुर्मीळ विकारात अ‍ॅडिपोनेक्टिन वाढलेले आढळते. यावरून, सामान्य ग्राही असलेल्या स्थूल व्यक्तींत रक्तातील इन्सुलिनचे आधिक्य हेच अ‍ॅडिपोनेक्टिन घटण्याचे एक कारण असावे, असे अनुमान काढले जाते. दुसऱ्या बाजूने पाहता, रक्तातील मुक्त मेदाम्ले व वाढलेली शर्करा इन्सुलिनमुळे कमी होतात, आणि त्यामुळे स्नायू, यकृत व बीटा पेशींवरील विषारी भार हलका होतो. म्हणून योग्य वेळी दिलेल्या इन्सुलिनमुळे काही रुग्णांतील इन्सुलिनरोध तात्पुरता कमीही होतो.

इन्सुलिनचा मेदावरील स्थानिक परिणाम इंजेक्शनाच्या जागी दिसतो. त्याच त्या जागी वारंवार इंजेक्शन घेतल्यास त्वचेखालील मेदपेशी वाढून तेथे मऊ किंवा रबरासारखी गाठ तयार होते. तेथे टोचलेले इन्सुलिन अनियमितपणे शोषले जाते आणि शर्करा अकारण वरखाली होते. पोट, मांड्या व दंड यांवरील जागा नियमितपणे बदलणे हा त्यावरील साधा उपाय आहे. गाठ टाळून निरोगी जागी इन्सुलिन घेऊ लागल्यावर शोषण सुधारते, त्यामुळे मात्रा कमी करावी लागू शकते.

मेद ऊतीला उद्देशून केलेले उपचार

ग्लिटाझोन वर्गातील औषधे मेदपेशींतील पीपीएआर-गॅमा या ग्राहीवर क्रिया करतात. त्यांच्यामुळे नव्या लहान मेदपेशी तयार होतात, मेद यकृताकडून त्वचेखालील साठ्याकडे वळतो आणि अ‍ॅडिपोनेक्टिन लक्षणीय वाढते. वजन वाढूनही इन्सुलिनरोध कमी होतो, ही या औषधांची विशेषता होय. या वर्गातील ट्रोग्लिटाझोन यकृतावरील दुष्परिणामांमुळे २००० मध्ये अमेरिकेत मागे घेण्यात आले. रोझिग्लिटाझोनवर भारतात २०१० मध्ये बंदी आली. पायोग्लिटाझोन अद्याप वापरात आहे, परंतु इन्सुलिनबरोबर दिल्यास शरीरात पाणी साचण्याचा व हृदय अकार्यक्षम होण्याचा धोका वाढतो.

दाह रोखून मधुमेह सुधारण्याचे प्रयत्नही झाले. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर-अल्फा निष्प्रभ करणाऱ्या प्रतिपिंडांचा मधुमेही व्यक्तींवरील सुरुवातीचा प्रयोग उंदरांइतका यशस्वी ठरला नाही.

आतड्यातील संप्रेरकाचे अनुकरण करणारी जीएलपी-१ वर्गातील औषधे भूक व वजन दोन्ही कमी करतात. त्यामुळे स्थूल रुग्णात इंजेक्शनाची गरज भासल्यास, परिस्थिती तातडीची नसेल तर इन्सुलिनपूर्वी या औषधांचा विचार करावा, अशी सध्याची शिफारस आहे. इन्सुलिन चालू असलेल्या रुग्णांत ती जोडल्यास इन्सुलिनची मात्रा कमी करता येते. मूत्रावाटे ग्लुकोज बाहेर टाकणारी एसजीएलटी-२ रोधक औषधेही वजनवाढीला आळा घालतात.

वजन घटवणे हा मूळ कारणावरील उपचार आहे. वजन कमी झाल्यावर लेप्टिन उतरते, अ‍ॅडिपोनेक्टिन वाढते आणि यकृतातील मेद घटतो. स्कॉटलंड व ईशान्य इंग्लंडमध्ये झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डायरेक्ट या चाचणीत रुग्णांना तीन ते पाच महिने दररोज ८२५ ते ८५३ किलोकॅलरींचा आहार देण्यात आला. वर्षअखेरीस त्यांच्यापैकी ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह औषधांविना नियंत्रणात होता, तर तुलनेच्या गटात हे प्रमाण ४ टक्के होते. या चाचणीत मधुमेह होऊन सहा वर्षांहून कमी काळ झालेले रुग्णच घेतले होते आणि इन्सुलिन घेणाऱ्यांना वगळले होते. त्यामुळे दीर्घकाळ इन्सुलिनवर असलेल्या रुग्णांत तसेच यश मिळेल असे गृहीत धरता येत नाही. इन्सुलिन चालू असताना अचानक उपास किंवा अत्यल्प आहार सुरू केल्यास तीव्र अल्पशर्करा होऊ शकते. म्हणून अशा वेळी वैद्यकीय देखरेखीखाली मात्रा आधीच कमी केली जाते.

भारतीय संदर्भ

भारतीयांमध्ये तुलनेने कमी वजनावरही मधुमेह आढळतो. या विषयात पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन पायाभूत मानले जाते. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे ३.५ किलोग्रॅम होते. पुण्याकडील बालकांचे स्नायू व उदरातील अवयव लहान होते, परंतु त्वचेखालील मेद त्या मानाने बराच टिकून होता. या शरीरठेवणीला ‘कृश पण मेदयुक्त’ असे म्हटले गेले. पुणे व लंडन येथील बालकांच्या नाळेतील रक्ताच्या तुलनेत भारतीय बालकांत इन्सुलिन अधिक आढळले, तर लेप्टिन वजनाच्या मानाने जास्त होते.

याज्ञिक व लंडनमधील जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. दोघांचाही शरीर वस्तुमान निर्देशांक २२.३ होता. युडकिन यांच्या शरीरातील मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरातील मेद २१.२ टक्के भरला. वजन व उंचीवरून काढलेला निर्देशांक मेदाचे खरे प्रमाण सांगत नाही, हे या एका जोडीवरून स्पष्ट होते. दक्षिण आशियाई व्यक्तींत युरोपीय व्यक्तींच्या तुलनेत अ‍ॅडिपोनेक्टिन कमी असल्याचेही अनेक अभ्यासांत आढळले आहे.

या कारणांमुळे भारतीयांसाठी २३ व त्यापुढील निर्देशांक अतिवजन, तर २५ व त्यापुढील निर्देशांक स्थूलता मानला जातो. पोटाच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख व्यक्तींना मधुमेह आहे.

गैरसमज व मर्यादा

इन्सुलिन सुरू होणे म्हणजे आजाराची शेवटची अवस्था, किंवा इन्सुलिनची सवय लागते, असा समज आढळतो. इन्सुलिन हे शरीरातीलच संप्रेरक असून त्याचे व्यसन लागत नाही. गंभीर आजारपणात किंवा निदानाच्या वेळी सुरू केलेले इन्सुलिन शर्करा स्थिरावल्यावर दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात अनेकदा बंदही करता येते. बीटा पेशी निकामी झालेल्या रुग्णात मात्र ते थांबवणे जीवघेणे ठरू शकते. वजनवाढीच्या भीतीने इन्सुलिन वर्षानुवर्षे टाळल्यास वाढलेली शर्करा डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतूंची हानी करत राहते.

मेदसंप्रेरकांचे मापन अद्याप मधुमेहाच्या नित्य निदानाचा भाग झालेले नाही. लेप्टिन किंवा अ‍ॅडिपोनेक्टिनची पातळी पाहून सर्वसाधारण रुग्णाचा उपचार ठरवला जात नाही. दैनंदिन व्यवहारात पोटाचा घेर, एचबीए१सी, रक्तातील ट्रायग्लिसराइड आणि यकृताची स्थिती हेच मेद ऊतीच्या आरोग्याचे उपलब्ध निर्देशक आहेत. इन्सुलिनची मात्रा, तिच्या वेळा व सोबतची औषधे या निर्देशकांनुसार आणि रुग्णाच्या दिनक्रमानुसार वैद्यकीय सल्ल्याने ठरवली जातात.